दातात धरलेली वादी

हॉलमधल्या सगळ्या पोरांनी एकदम 'शीऽऽ' केलं, तेव्हा पडद्यावर माझ्या आईचं तोंड होतं.

नुसतं तोंड. भिंतीएवढं. डोळे नाहीत, कपाळ नाही, कुंकू नाही. ओठ, दात आणि दातात धरलेली कातड्याची वादी. पोरं ओरडली, मग त्यांच्या आया हसल्या, मग बाप हसले. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरच्या पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला. म्हणाली, "बघू नको रे, घाण आहे ते."

मी पाचवीत होते. मधल्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी खुर्चीएवढी मोकळी जागा होती. आई भिंतीच्या पलीकडं, व्हरांड्यात, पोत्यावर बसली होती. आतलं तिला ऐकू जात होतं, दिसत नव्हतं. पोरांचा तो आवाज तिनं ऐकला असणार. तो कुणासाठी होता हे तिला कळायला मार्ग नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा एका ट्रस्टचं वस्तुसंग्रहालय होतं. अजून आहे. जुना बंगला, काचेची कपाटं, पगड्या, तलवारी, पितळेचे पानपुडे, पेंढा भरलेला एक बिबट्या. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला करू? तिथं एक ताई होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणत, वयानं मोठे होते तेसुद्धा. त्यांनी लहान पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी छोट्या फिल्मा करायला घेतल्या होत्या. रविवारी सकाळी आईबापांनी पोरांना घेऊन यायचं, पंधरा मिनिटांची फिल्म बघायची, मग ती वस्तू कपाटात जाऊन बघायची. एक फिल्म मडक्याची होती, एक गुळाच्या ढेपेची. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू? मडक्याच्या फिल्ममध्ये चिखलाचा गोळा बोलायचा आणि चाकावर बसायला घाबरायचा. शाळेनं ती आम्हाला दाखवली तेव्हा मी पोट धरून हसले होते. घरी येऊन आईला सगळी सांगितली होती.

मग त्यांनी चपलेची फिल्म करायची ठरवलं.

आम्ही चांभार. हा शब्द मी आपणहून लिहिते, कारण शाळेत तो माझ्या तोंडावर कुणी उच्चारत नसे, पाठ वळली की उच्चारत. आमच्या घरात पुढं कामाची खोली आणि मागं चूल. वडील तळ कापायचे, ठोकायचे. आई वेणी घालायची. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर कातड्याची बारीक वेणी असते, ती आमच्याकडं बायकांचं काम. वादीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, ताण द्यायचा आणि दोन्ही हातांनी विणत जायचं. दातात धरायची वेळ क्वचित येते, दोन्ही हात अडकलेत आणि एक वादी निसटायला लागलीय अशा वेळी. सुतार खिळे धरतो, शिंपी टाचणी धरतो, तसंच ते.

फिल्मवाला साहेब आणि ताई आमच्या घरी येणार म्हणून आईनं मामानं दिवाळीला दिलेली जांभळी इरकल नेसली होती. अबोलीचा गजरा माळला होता. खोली सारवून घेतली होती. साहेब दारातूनच म्हणाले, "छे छे, हे नको. जुनं काहीतरी नेसा. फाटकं असलं तर उत्तमच."

आईला वाटलं, पाहुणे चेष्टा करतायत. ती म्हणाली, "पावणं, फोटू काढताना कोण फाटकं नेसतं व्हय?"

साहेब हसले. ताईही हसल्या. पण चेष्टा नव्हती.

आमच्या घरात एक फाटकी साडी होती. भिजवलेल्या कातड्यावर झाकायला टाकायची. साहेबांना नेमकी तीच पसंत पडली. आईनं ती धुतली, पिळली आणि ओलीच नेसली. गजरा काढला. मग साहेबांच्या माणसांनी ट्यूबलाइट उतरवली. कॅलेंडर काढलं. फळीवरचा रेडिओ चुलीकडं नेऊन ठेवला. भाषणाच्या स्पर्धेत मला मिळालेलं प्रमाणपत्र वडिलांनी चौकट करून भिंतीला लावलं होतं, तेही खाली आलं. मी शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये कोपऱ्यात उभी राहून हे बघत होते. साहेबांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि म्हणाले, "बाळ, तू जरा बाहेर हो. मध्ये येतेस."

मी बाहेर झाले. आमच्याच घरातून. उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत राहिले.

आई विणत होती. एकदा वादी निसटली, तिनं पटकन दातात धरली. साहेब ओरडले, "वा! हे परत करा." आईनं परत केलं. "अजून एकदा. ओठ थोडे मागं घ्या, दात दिसू देत." तिनं घेतले. कॅमेरा तिच्या तोंडाजवळ आणला, अजून जवळ आणला. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर चढलं तरी तेच चाललं होतं. हिरड्याच्या आणि बाभळीच्या पाण्यात मुरलेलं कातडं ते, कडू तुरट. त्या रात्री आईला भाकरी चावता येईना. आमटीत बुडवून, मऊ करून तिनं चार घास खाल्ले.

वडील म्हणाले, "एवढं कशाला करायचं म्हणतो मी?"

आई म्हणाली, "बारक्या पोरास्नी दावायचं हाय म्हणं. बघू द्यात की. चप्पल काय झाडाला लागत न्हाय, एवढं तर कळंल."

तिची अपेक्षा एवढीच होती. पोरांना कळावं.

फिल्मचा पहिला खेळ आमच्या वर्गासाठी ठेवला होता. बाई वर्गात म्हणाल्या, प्रत्येकानं आई नाहीतर बाबांना घेऊन यायचं. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. बाकीच्यांच्या आया फिल्म बघणार होत्या, माझी आई फिल्ममध्ये होती. मी वर्गात कुणाला सांगितलं नाही. पडद्यावर आई दिसली की तिच्याकडं बोट करून सांगायचं, असं मनात ठरवलं होतं. आईनं इरकल घडी करून गादीखाली ठेवली, इस्त्री व्हावी म्हणून.

आदल्या दिवशी ट्रस्टचा माणूस निरोप घेऊन आला. कारागिरानं व्हरांड्यात बसून काम करून दाखवायचं. फिल्ममध्ये आहे तीच साडी नेसून यायचं.

आईनं विचारलं, "मग फिल्लम कवा बघायची मी?"

"ते ताईंना विचारा," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

वडील म्हणाले, "तुला हौस, तू जा. मी न्हाय येत." इरकल गादीखालीच राहिली.

हॉलमध्ये गालिचा होता म्हणून चपला दाराशी काढायच्या होत्या. ढीग पडला होता. त्यात अर्ध्याअधिक कोल्हापुरी, आमच्या गल्लीतल्या किंवा आमच्यासारख्या दुसऱ्या गल्लीतल्या. मी आत गेले आणि दोन खुर्च्या धरल्या. एकीवर बसले, एकीवर पाण्याची बाटली ठेवली. वाटलं, सुरू होताना आईला बोलावतील. फिल्म तिची आहे, बोलावणारच.

ताई आल्या. "ही खुर्ची कुणाची?"

"माझ्या आईची."

"कुठं आहे आई?"

"व्हरांड्यात."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. "अगं, त्या आज कामावर आहेत," असं म्हणून त्यांनी बाटली माझ्या मांडीवर ठेवली, खुर्ची उचलली आणि मागं उभ्या असलेल्या एका आजोबांना नेऊन दिली. गोड आवाजात बोलल्या, रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

दिवे गेले. बासरी वाजली. एक लाडीगोडीचा आवाज सुरू झाला, "खूप खूप वर्षांपूर्वी, बालमित्रांनो, माणसं हातानं चपला बनवायची..."

मी बुचकळ्यात पडले. खूप वर्षांपूर्वी? वडील त्याच सकाळी तळ ठोकत बसले होते. ठोकण्याचा आवाज कानात घेऊनच मी घरातून निघाले होते. पडद्यावर आमची खोली आली, पण ट्यूबलाइट नसलेली, रेडिओ नसलेली, मी नसलेली. कुणीतरी मेलेल्या माणसांचं घर असावं तशी. आईचे हात आले. पाय आले. मी वाट बघत होते तिच्या चेहऱ्याची. चेहरा आलाच नाही. ते तोंड आलं आणि पोरांनी 'शीऽऽ' केलं. मी बोट करायला उचललेला हात खाली घेतला.

फिल्म संपली तेव्हा सगळे व्हरांड्यात आले. आई पोत्यावर बसली होती, त्या साडीत. ताई म्हणाल्या, "बघा मुलांनो, फिल्ममधली बाई इथं खरीखुरी बसलीय!" पोरं मागं सरकली. एकजण म्हणाला, "दातवाली." ताईंनी पोरांना वादीचे तुकडे दिले, विणून बघा म्हणाल्या. पोरांनी दोन पेड घातले, सोडले. मग ताईंनी टाळी वाजवली. "आता सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. मगच खाऊ."

नळाशी रांग लागली. आया पोरांचे हात चोळून चोळून धूत होत्या. मीही रांगेत होते. आई ते बघत होती. आमची आई गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच. ती मोठ्यानं म्हणाली, "का ओ ताई, पायात घालताना न्हाय व्हय हात धूत?"

ताई इतर बायकांना म्हणाल्या, "फार विनोदी आहेत हं या." हात धुतलेली पोरं दाराशी गेली, वाकली, त्याच हातांनी चपलेचे अंगठे धरून चपला पायात सरकवल्या आणि लाडू घ्यायला पळाली.

तेवढ्यात माझ्याच वर्गातला एक मुलगा आईसमोर उभा राहिला. "मावशी, ते दातात धरायचं दाखव ना." त्याच्या मागं चार पोरं हसायला तयार उभी होती. ताई म्हणाल्या, "हो हो, दाखवा की."

आईनं मान वर केली. पोरांच्या तोंडांकडं बघितलं. मग तिनं मला शोधलं. मी तिला दिसले आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं. भिंतीपलीकडून आलेला तो आवाज कुणासाठी होता, तेही कळलं. तिचे हात थांबले. विणताना तिचे हात थांबलेले मी कधी बघितले नव्हते.

"न्हाय ओ," ती खाली बघत म्हणाली, "आज दात दुकतोय."

दात दुखत नव्हता. सकाळीच तिनं फुटाणे खाल्ले होते, मला दिले होते. माझी आई, गल्लीत कुणाच्या बापाला न घाबरणारी, तोंडावर पदर घेऊन खोटं बोलत होती. आपल्या दातांची तिला लाज वाटत होती. त्या लोकांनी तिला पंधरा मिनिटांत लाज शिकवली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. भीती होती, पण भीतीच्या वर काहीतरी चढलं.

मी नळाची रांग सोडली. पोत्यावर आईशेजारी मांडी घालून बसले. निळ्या स्कर्टमध्ये, पांढऱ्या ब्लाउजमध्ये. तिच्या हातातली वादी घेतली, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि दुसरं दातात धरलं. घट्ट. मग वर बघितलं. सगळ्यांकडं, एकेकाकडं. वादी दातातून काढली आणि म्हणाले, "ही माझी आई हाय. बघा."

आणि परत धरली.

कुणी हसलं नाही. माझी जिवाभावाची मैत्रीण, जिच्या डब्यातलं मी रोज खायचे, ती तिच्या आईमागं गेली. तिच्या आईनं तिचा खांदा धरून तिला आणखी मागं ओढलं. ताई, आत खुर्चीवरून आमचं बोलणं झालंच नव्हतं अशा थाटात, म्हणाल्या, "अगं, तू यांची मुलगी? मग आधी नाही का सांगायचं?"

मी विचारलं, "आई आत का न्हाय?"

ताईंनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. "चला, पुढच्या शोची मंडळी आली," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आई मला जवळ घेईल. ती पुढं पुढं चालत राहिली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "कशाला केलंस? तुला शिकायचं हाय न्हवं त्यांच्यात?" मला रडू आलं. तिकडची मैत्रीण गेली होतीच, आईही माझ्या बाजूला नव्हती.

सोमवारपासून माझ्या बाकावर मी एकटी. मैत्रिणीनं दप्तर उचललं, म्हणाली, "आईनं सांगितलंय." तिनं एवढंच सांगितलं आणि पुढच्या बाकावर गेली. शाळा संपेपर्यंत माझं नाव 'दातवाली' होतं. मधल्या सुट्टीत मी डबा वर्गातच खायचे, फळ्याकडं तोंड करून. आयुष्यातली किती वर्षं मी गर्दीत एकटी बसून काढली, ते माझं मला माहीत. लोक म्हणतात दिवस सरतात, माणूस विसरतो. मी विसरले नाही.

शिकले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला लागले. लग्न झालं, मुलगी झाली. वडील गेले. आईचे दात एकेक करून पडले, तरी ती अंगठ्यात वादी अडकवून वेणी घालतेच. ती फिल्म तिनं कधी बघितली नव्हती. गरज सरो, वैद्य मरो. तिला परत कुणी बोलावलंच नाही.

एके दिवशी मुलीच्या बालवाडीतून निरोप आला. रविवारी संग्रहालयात मुलांसाठी छोट्या फिल्मा, सहकुटुंब या. मी विचारलं, कुठल्या? त्यात चपलेची होती. आता ती सीडीवर घातली होती आणि दर रविवारी दाखवत होते.

मी आईला म्हणाले, "चल. तुझी फिल्म बघायला."

ती इरकल नेसली. तीच, जांभळी, आता विटलेली. मी तिकिटं काढली आणि पहिल्या रांगेत तिघी बसलो. आई मध्ये. कुणी खुर्ची मागायला आलं असतं तर त्याची खैर नव्हती. दिवे गेले, बासरी वाजली, तोच आवाज आला, "खूप खूप वर्षांपूर्वी, बालमित्रांनो..." आई आमची जुनी खोली बघून हरखली. हात बघून म्हणाली, "माझंच हायत की गं!" मग ते तोंड आलं. नवी पोरं, नवे आईबाप, आणि तीच 'शीऽऽ'.

माझी मुलगी भर हॉलमध्ये मोठ्यानं विचारती झाली, "आजी, खूप वर्षांपूर्वी म्हणजे तू मेलीस?"

लोक हसले. आई हसली नाही. फिल्म संपेपर्यंत ती पडद्याकडं बघत राहिली, अजून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. शेवटी नावं आली. साहेबांचं, ताईंचं, बासरीवाल्याचं, देणगी देणाऱ्यांचं. दिवे लागले तेव्हा आई हळूच मला म्हणाली, "डोळं का न्हाय घेतलं गं माझं?"



मी ताईंकडं गेले. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच गोड होता. मी दोन गोष्टी मागितल्या. आईचं नाव घाला आणि ते 'खूप वर्षांपूर्वी' काढा. ती जिवंत आहे, ही बघा, इथं उभी आहे. ताईंनी आईला नमस्कार केला. मग मला म्हणाल्या, "अहो, फिल्मला बक्षीस मिळालंय. आता त्यात हात घालता येत नाही. आणि लहान मुलांना नावाशी काय देणंघेणं?"

आई माझा दंड ओढत होती. "चल गं. ऱ्हाऊ दे. कशाला भांडतीस?" या खेपेला मी तिचं ऐकलं नाही.

आता मी दर रविवारी जाते. एकटी. आई येत नाही, तिला नको वाटतं. नवरा म्हणतो, सुट्टीचा एक दिवस असतो, तोही तिथं घालवतेस. दोन तिकिटं काढते. मधल्या रांगेत बसते आणि शेजारच्या खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवते. पडद्यावर ते तोंड आलं, पोरांनी 'शीऽऽ' केलं की मी उभी राहते. मी म्हणते, "मुलांनो, ही शेवंता. माझी आई. हे खूप वर्षांपूर्वीचं नाही. ती आत्ता घरी चपलेची वेणी घालत बसलीय. तिला डोळेही आहेत, ते या लोकांनी घेतले नाहीत."

आईबाप तोंडं फिरवतात. काही उठून जातात. पोरं मात्र माझ्याकडं बघतात. मध्ये एका रविवारी एका बारक्या मुलीनं विचारलं, "शेवंता कुठं राहते?" तिच्या आईनं तिला गप्प केलं. पण तिनं विचारलं.

आता ताईंनी दारावरच्या माणसाला सांगितलंय, या बाईला आत सोडायचं नाही. मागच्या रविवारी त्यानं आडवा हात घातला. मी दोन्ही तिकिटं त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "कुठल्या कारणानं अडवतोस ते मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे." त्यानं हात काढला.

येत्या रविवारी दार बंद असेल कदाचित. मग मी व्हरांड्यात बसेन, आई बसली होती त्याच जागी, तोंड दाराकडं करून. येणाऱ्या प्रत्येक पोराला आत जायच्या आधी तिचं नाव सांगेन. एकतर पडद्यावर माझ्या आईचे डोळे आणि नाव येईल, नाहीतर ती फिल्म बंद पडेल. त्याशिवाय मी उठत नाही.